साखर सोडली, आतड्याचं काय?

प्रश्न : वर्षभर मी साखरेऐवजी सुक्रालोजच्या पुड्या वापरते, दिवसाला पाच-सहा. याने आतड्याचं अस्तर ‘गळकं’ होतं असं वाचलं. लगेच बंद करू का?

उत्तर : घाबरून जावं इतका पुरावा नाही, पण तुमची शंका अगदीच निराधारही नाही. आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. क्लॉडिन, ऑक्लुडिन अशी प्रथिनं शेजारच्या पेशींना एकमेकींशी घट्ट बांधून ठेवतात, वर चिकट श्लेष्माचा लेप असतो. 2020 मध्ये ब्रिटनच्या अँग्लिया रस्किन विद्यापीठात प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींवर सुक्रालोज आणि अस्पार्टेम ही दुसरी कृत्रिम गोडी घातली, तेव्हा पृष्ठभागावरचं क्लॉडिन घटलं आणि थरातून गळती वाढली. मात्र बशीतल्या त्या पेशींवर ना श्लेष्माचा जाड लेप असतो, ना आतड्यातले जंतू. शिवाय अस्पार्टेम लहान आतड्यातच फुटतं, मोठ्या आतड्यापर्यंत पोचत नाही. सुक्रालोजचं उलट आहे : सुमारे 85 टक्के भाग न शोषता पुढे जातो. म्हणून ‘कृत्रिम गोडी’ असं सरसकट बोलून चालत नाही, पुडीवरचं नाव वाचावं लागतं.

आता हिशेब. एका पुडीत साधारण 12 मिलिग्रॅम सुक्रालोज असतं, बाकी बहुतेक डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनची भर. सहा पुड्यांचे 72 मिलिग्रॅम झाले. अमेरिकेतली रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोला 5 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या व्यक्तीला 300. तुम्ही बऱ्याच आत आहात. तरी 2022 मध्ये 120 निरोगी लोकांवर झालेल्या प्रयोगात, मर्यादेच्या आतलंच प्रमाण दोन आठवडे घेऊन, सॅकरिन (आणखी एक कृत्रिम गोडी) आणि सुक्रालोज घेणाऱ्यांच्या रक्तातल्या साखरेचा प्रतिसाद बिघडला. आतड्यातले जंतूही बदलले, पण प्रत्येकात सारखे नाही. आमचं मत : दर आठवड्याला एक पुडी कमी करत दोनवर या. जीभ कमी गोडाला सरावते. मधुमेह असेल तर पुडीच्या जागी साखर आणू नका. बदल डॉक्टरांना विचारून करा.

प्रश्न : ‘शुगर फ्री’ गोळ्या खाल्ल्या की पोट फुगतं, जुलाब होतात. अस्तर फाटलं असेल का?

उत्तर : नाही, हे बहुधा त्या गोळ्यांत साखरेऐवजी घातलेल्या सॉर्बिटॉल, माल्टिटॉल अशा गोड पदार्थांचं काम आहे. ते पूर्ण शोषले जात नाहीत, आतड्यात पाणी ओढून घेतात आणि जंतू त्यांच्यापासून वायू तयार करतात. पुष्कळांना 10 ग्रॅम सॉर्बिटॉलनेही पोट फुगतं, 20 ग्रॅमच्या आसपास मुरडा आणि जुलाब. वेष्टणावर 420, 421, 953, 965, 967 हे अशा पदार्थांचे क्रमांक शोधा. दोन आठवडे ते सगळे बंद ठेवून रोज शौच, फुगणं, दुखणं लिहून काढा. मग एकच पदार्थ परत सुरू करा आणि तीन दिवस थांबा. एकदम दोन सुरू केले तर दोषी कोण हे कळत नाही. औषधी सिरप आणि चघळायच्या गोळ्यांतही सॉर्बिटॉल असतं, तिथेच हा प्रयोग फसतो. शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा वजन घटणं असेल, तर डायरी लिहीत बसू नका, तपासून घ्या.

प्रश्न : सुक्रालोज घालून केक भाजला तर चालतो का?

उत्तर : टाळा. 120 अंश सेल्सिअसच्या वर त्यातून क्लोरीनयुक्त घातक संयुगं तयार होऊ शकतात. थंड पदार्थांत किंवा शिजवून झाल्यावर घाला.