आजोबांच्या ट्रंकेत सापडलेले चांदीचे रुपये खरे आहेत का, आणि त्यांची किंमत किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिरगावातली चाळीतली खोली रिकामी करताना आजोबांच्या ट्रंकेत ३१ नाणी निघाली. बहुतेक राणीछाप आणि पंचम जॉर्जचे रुपये, एक १९३९ चा रुपया, आणि एक रामदरबाराचं नाणं, ज्यावर १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आहे. सोनार म्हणतो वजनावर घेतो, मोबाईलवरचा व्हिडिओ म्हणतो लाखो मिळतील. आणि आई ती लक्ष्मीपूजनाआधी चिंचेने घासून ठेवायची म्हणतेय.

आधी आईंना थांबवा. काळपट थर हा मळ नव्हे, ती नाण्याच्या वयाची खूण आहे. चिंच, राख, दंतमंजन, काहीही लावलंत की वरचा बारीक उठाव जातो आणि संग्राहक नाणं हातात घेऊन लगेच खाली ठेवतो. अगदीच हवं असेल तर साध्या पाण्यातून काढा आणि मऊ कपड्याने टिपा. घासू नका.

रामदरबाराचं नाणं देवघरात ठेवा, तिथेच ते शोभतं. कंपनीने राम, हनुमान किंवा लक्ष्मीची चलनी नाणी १८१८ मध्ये काढलीच नव्हती. ही पुढे श्रद्धाळूंसाठी आणि भोळ्या गिऱ्हाइकांसाठी पाडलेली टोकनं.

आता रुपये. कंपनीने १८३५ मध्ये सगळीकडे एकच रुपया चालू केला. त्याचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि चांदी ९१.७ टक्के. १९३९ पर्यंत हेच प्रमाण टिकलं. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चे रुपये तर शुद्ध निकेलचे. (म्हणून लोहचुंबकाला चिकटलेला १९४७ चा रुपया खोटा नसतो. उलट न चिकटला तर शंका घ्या.) जुन्या रुपयात साधारण १०.७ ग्रॅम चांदी असते. त्याला त्या दिवसाच्या भावाने गुणा, ही झाली तळाची किंमत. सोनार त्यातून घट कापणारच. तुमच्या २९ रुपयांपुरता तो व्हिडिओवाल्यापेक्षा खऱ्याच्या जवळ आहे. राणीछाप म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात, पण हे रुपये कोट्यवधींनी पाडले गेले. १८६२ साल असलेले तर १८७४ पर्यंत त्याच सालाने निघत राहिले.

धातू घरी तपासता येतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. झिजलेला रुपया ११.४-११.५ भरेल, ते चालतं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि रुपया दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा सोडा, तळाला टेकू देऊ नका. काटा १.१३ च्या आसपास दाखवेल. तेवढ्याच वजनाचं पितळेचं नाणं असेल तर आकडा १.३५ च्या पुढे जातो. माझे आजोबा एवढं काही करत नसत. रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या रुपयाने टिचकी मारायचे, खणखणीत वाजला तर ठेवायचे, बद्द वाजला तर परत. ओतीव नकली नाणं भिंगाखालीही कळतं: अक्षरांच्या कडा गोलसर, मोकळ्या जागेत बारीक पुरळ, काठावरच्या दात्यांतून गेलेली साच्याची रेघ.

कुठल्या रुपयाच्या काठावर कडी जोडल्याचा डाग किंवा खरवडल्याची खूण असेल, तर बहुधा तो कधी माळेत होता आणि कडी काढून टाकली आहे. अस्सल असला तरी संग्राहक त्याचे फार देणार नाही, तो खुशाल सोनाराकडे द्या. सन १९११ चा रुपया मात्र बाजूला काढा. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि १९१२ मध्ये ठसा बदलावा लागला. लाखांचा नाही, पण चांदीच्या भावात घालवण्यासारखाही नाही.

राहिला १९३९. हाच खरा दुर्मीळ, आणि म्हणूनच सिद्ध होईपर्यंत खोटा धरायचा. हे मी पैसे भरून शिकलोय. दहा-बारा वर्षांपूर्वी एका रविवारी फोर्टातल्या फूटपाथवर मला एक मिळाला. तिथेच वाजवून घेतला, घरी येऊन वजन केलं, पाण्यात सोडला. सगळ्या परीक्षा पास! आठवडाभर मी हवेत. मग एका जुन्या संग्राहकांनी दिवा तिरपा धरून भिंग लावलं आणि काहीच न बोलता नाणं माझ्यासमोर सरकवलं. रुपया अस्सलच होता, पण १९३८ चा. नाण्यावरचे आकडे इंग्रजी. त्या आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू कोरून काढली की नऊ होतो. त्या जागेची पातळी किंचित खोल होती आणि आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा गुळगुळीत. वजन, आवाज, पाणी यांतलं काहीच हे पकडू शकत नाही, कारण धातूने खोटं बोललेलंच नसतं.

तेव्हा तुमच्या नऊचा तिरप्या उजेडात, अगदी जवळून फोटो काढा. मग फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, तिथे अस्सल नाणी डोळ्यांखालून घाला, डोळा तयार होतो. एवढं करून नऊ खरा वाटला तरच एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थांकडून प्रमाणित करून घेण्याचा खर्च करा. किमतीसाठी जाहिराती बघू नका, लिलाव संस्थांच्या मागच्या लिलावांत प्रत्यक्ष कितीला गेलं ते बघा. आणि "तुमचं नाणं विकून देतो, आधी कर भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. असे लोक रिझर्व्ह बँकेचं नाव सांगतात. बँकेने २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितलंय की ती असल्या व्यवहारांत नाही. शंभर वर्षांवरची नाणी परदेशी पाठवायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे बाहेरच्या गिऱ्हाइकाच्याही नादी लागू नका.

माझा तो कोरलेला नऊ अजून जपून ठेवलाय. तुमच्या नऊचा फोटो इथे टाकलात तर माझ्याचाही टाकतो, दोन्ही शेजारी ठेवून बघू.