गौरी आल्या की गोळ्या, असं किती वर्षं?

प्रश्न: ताई, मी ३४ वर्षांची, सासर संगमनेर तालुक्यात, दोन मुलं. आमच्याकडे उभ्याच्या गौरी असतात, सगळा स्वयंपाक माझ्यावर, त्यामुळे पाळी मधे येऊ नये म्हणून लग्न झाल्यापासून मेडिकलमधनं गोळ्या आणून खाते. यंदा जावेच्या मुलीचं लग्न, मग श्रावणातला सत्यनारायण आणि आता गौरी, असं ४ महिन्यांत ३ वेळा घेतल्या. गौरी जाऊन १५ दिवस झाले तरी थोडं थोडं अंगावर जातंय, थांबतच नाही. सासूबाई म्हणतात उष्णता झाली असेल. घाबरण्यासारखं आहे का?

उत्तर: घाबरू नका, पण अंगावर काढू पण नका, याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. त्याआधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करून घ्या, कारण या गोळ्यांनी गर्भ राहायचा थांबत नाही आणि हे कित्येकींना माहीतच नसतं. मग सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉइड. आणि रक्त थांबवायचं म्हणून परत त्याच गोळ्या स्वतःच्या मनानं आणू नका, प्लीज.

तुम्ही घेता त्या गोळीत बहुतेक नॉरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोन असणार. दर महिन्याला गर्भाशयात आतून अस्तर तयार होतं, त्याला प्रोजेस्टेरॉन धरून ठेवतं, गर्भ राहिला नाही की ते प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि अस्तर सुटून येतं, तीच पाळी. गोळी त्या उतरणाऱ्या हार्मोनची जागा घेते म्हणून अस्तर जागेवर राहतं, गोळी बंद केली की २-३ दिवसांत पाळी येते. एखाद्या वेळी, तपासून, तारखेच्या ३ दिवस आधी सुरू करून दिली तर बहुतेकींना काही होत नाही, मी पण लिहून देते, कुणाची परीक्षा असते, कुणाचा लांबचा प्रवास. पण ४ महिन्यांत ३ वेळा अस्तर अडवून धरलं की ते नीट एकदम सुटत नाही, थोडं थोडं सुटत राहतं, तुमचं बहुतेक तेच झालंय, तरी तपासल्याशिवाय तसं धरून चालायचं नाही.

आणि ज्यांना आधी कधी रक्ताची गुठळी झालीये, अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय, लिव्हरचा आजार आहे, ब्रेस्ट कॅन्सर झालाय किंवा डोळ्यापुढे काजवे चमकून अर्धशिशी उठते, त्यांनी ही गोळी मनानं घेऊच नये. मेडिकलच्या काउंटरवर हे कोण विचारतं? "किती दिवसांची देऊ" एवढंच विचारतात. गोळ्या चालू असताना एका पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं.

आता सासूबाईंचं. माझ्याकडे एक पेशंट आली होती, तिनं पर्समधनं कॅलेंडरचं पान काढलं, घड्या घालून घालून मऊ पडलेलं. त्यावर पेन्सिलनं तिच्या पाळीच्या फुल्या, आणि शेजारी सासूबाईंच्या अक्षरात हळदीकुंकू, कुळाचार, बोडण. ती मला विचारत होती, डॉक्टर, मी पाळी बसवू कुठे? ते पान अजून डोळ्यासमोर आहे माझ्या.

गौरी म्हणजे आपली माहेरवाशीण ना हो? अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठावर जेवते, मूळावर जाते, तिला आपण लेक म्हणून घरात घेतो, मग त्या लेकीला जेवू घालायला घरातल्या सुनेनं हार्मोनच्या गोळ्या खाव्यात हे मला अजिबात पटत नाही. पाळीचा विटाळ धरू नये, शरीराचे बाकीचे स्राव तसाच हा, हे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी १३व्या शतकात याच मातीत सांगितलंय, म्हणजे ही काही शहरातनं आलेली नवी टूम नाही. सासूबाईंना जमलं तर डॉक्टरकडे सोबतच घेऊन जा, गोळीनं काय झालंय ते त्यांच्या कानावर डॉक्टरच्याच तोंडून जाऊ दे. आणि तरी शिवाशिव पाळायचीच म्हणाल्या तर पाळोत, पण मग पुरण दुसऱ्यानं वाटायचं. तुमच्या मिस्टरांना दोन हात आहेत.

प्रश्न: ताई आम्ही बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीला जातो. वय २९, तीन लेकरं. पांढरं जातंय, ओटीपोट दुखतं, पाळीत लई रक्त जातं. एका दवाखान्यात सांगितलं पिशवी खराब झाली, काढून टाक नाहीतर कॅन्सर होईल. मालक म्हणत्यात मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन कारखाना चालू व्हायच्या आधी करून टाकू, खाडा पण वाचंल. काय करू?

उत्तर: बाई, ऑपरेशनच्या कागदावर आत्ता सही करू नको. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नाही. बऱ्याचदा ते इन्फेक्शन असतं आणि औषधांनी बरं होतं, नवऱ्याला पण कधी कधी सोबत औषध घ्यावं लागतं. पाळीत जास्त जातं त्याला रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू आहे, हे सगळं करून बघितल्यावर शेवटी ऑपरेशन. जिल्हा रुग्णालयात जा, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी तिथं होते, तीच खरं सांगेल कॅन्सरची भीती आहे का नाही.

२०१९ साली सरकारनं नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तेव्हा बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा मी कितीदा वाचला तरी पोटात तुटतं. फडात आडोसा नाही, कोपीत (राहायच्या झोपडीत) पाणी नाही, पहाटेपासून मोळ्या बांधायच्या, रात्री गाडी भरायची, कापड बदलायला वेळ नाही म्हणून तेच ओलं दिवसभर, मग इन्फेक्शन होणारच, आणि वर एक दिवस घरी बसलं की खाड्याचा दंड. आजार पिशवीत नसतो गं, त्या कामाच्या रीतीत असतो, कापून मात्र बाईचं टाकतात.

आणि पिशवीसोबत अंडाशय पण काढले तर २९व्या वर्षीच पाळी जायच्या वयाचे त्रास सुरू होतात, अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. आधीच उचल डोक्यावर, त्यात पुन्हा ऑपरेशनची उचल, ती फेडायला पुढच्या हंगामात हाच कोयता दुखऱ्या अंगानं चालवायचा. मालकांना घेऊनच जिल्हा रुग्णालयात जा आणि हे उत्तर त्यांना वाचून दाखव. फडावर सुती कापडच वापरत असशील तर ४-६ तासांनी बदल, साबणानं धुऊन कडक उन्हात उघडं वाळव, साडीखाली लपवून वाळवलेलं कापड ओलंच राहतं.

प्रश्न: माझी मुलगी ११ वर्षांची आहे, आई नाही तिला. बहीण म्हणते तू बाप आहेस, पाळीबद्दल तू बोलू नको, मी सांगेन. पण बहीण लांब राहते.

उत्तर: तुम्हीच बोला, आणि पाळी यायच्या आधी बोला. मोठं भाषण नको, भाजी निवडताना सांगितलं तरी चालतं. पहिल्यांदा लाल रक्त दिसेलच असं नाही, चॉकलेटी डाग असतो, मुलींना वाटतं शी झाली की काय आणि लाजेनं निकर लपवून ठेवतात, म्हणून हे आधी सांगून ठेवा. पॅडचं पाकीट घरी आणून तिच्यासमोर उघडा, चिकटवून कसं लावायचं ते निकरवर तुम्ही स्वतः करून दाखवा. दप्तरात एका पाऊचमध्ये २ पॅड, एक जास्तीची निकर आणि कागदी पिशवी ठेवा. जनऔषधी केंद्रात १ रुपयाला एक पॅड मिळतं.

पहिली दोनेक वर्षं पाळी मागेपुढे होते, त्यात घाबरायचं नाही. पोटात दुखलं तर गरम पाण्याची पिशवी, शाळा बुडण्याइतकं दुखत असेल तर डॉक्टर. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, रक्तस्राव ७ दिवसांच्या वर चालला किंवा १५ वर्षं पूर्ण झाली तरी पाळी आलीच नाही, तर तिला घेऊन या, आणि तपासताना तुम्ही बाहेर थांबायचं का आत, ते तिला विचारा.