बीपी उतरलं, पुढे काय झालं?

अनेक आशीर्वाद.

जर्नल क्लबसाठीचं (शोधनिबंधांवर चर्चा करणाऱ्या बैठकीसाठीचं) तुझं टिपण वाचलं. मांडणी स्वच्छ आहे, पण गोळीने बीपी किती उतरलं एवढं सांगून ते संपतं. खरा प्रश्न त्यानंतरचा. आपण गोळी देतो ती स्ट्रोक, हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर टळावेत म्हणून. ट्रायलने, म्हणजे औषधाच्या चाचणीने, मोजलं काय, हे आधी शोधत जा.

‘ऑलहॅट’ ही बीपीच्या गोळ्यांची ट्रायल मुळातून वाच. त्यात डॉक्साझोसिनची गाठ क्लोरथॅलिडोन या जुन्या, स्वस्त गोळीशी होती. डॉक्साझोसिन बीपी उतरवतं, कोलेस्टेरॉलही थोडं सुधारतं. कागदावर देखणं औषध. पण 2000 साली डॉक्साझोसिनचा गट मध्येच थांबवावा लागला. त्या गटात हार्ट फेल्युअर दुपटीने झालं होतं, स्ट्रोकही जास्त. वरच्या बीपीतला फरक जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा! क्लोरथॅलिडोन शरीरातलं पाणी काढून टाकतं, त्यामुळे त्या गटात हार्ट फेल्युअर नुसतं झाकलं गेलं, असा आक्षेप काहींनी घेतला. मला तो पुरेसा वाटत नाही. तू वाचून स्वतःचं मत बनव. बीपीवरच थांबलं असतं, तर यातलं काहीच कळलं नसतं.

दुसरं, टक्केवारी. ‘स्प्रिंट’ ट्रायलमध्ये (2015) वरचं बीपी 120च्या खाली आणायचं उद्दिष्ट असलेल्यांचा धोका 140च्या उद्दिष्टवाल्यांपेक्षा 25 टक्क्यांनी घटला, हे तू ठळक लिहिलंस. मूळ आकडे मात्र वर्षाला 140च्या गटात 2.19 टक्के आणि 120च्या गटात 1.65 टक्के. म्हणजे सुमारे सव्वातीन वर्षांत एकाचा त्रास टाळायला 61 जणांना कडक उपचार. शिवाय भोवळ येणं, किडनीला अचानक इजा होणं कडक गटात वाढलं, ते तुझ्या टिपणात नाही. बीपी मोजलं तेही पाच मिनिटं शांत बसवून, आपोआप चालणाऱ्या यंत्रावर, तीनदा. गर्दीच्या ओपीडीत घाईने घेतलेलं 130 आणि तिथलं 130 एकच धरू नकोस.

मूळ धोका जितका मोठा, तितकी गोळीची कमाई मोठी. 1967च्या अमेरिकी माजी सैनिकांच्या ट्रायलमध्ये खालचं बीपी 115 ते 129 असलेले अवघे 143 पुरुष होते. गंभीर घटना प्लासिबो (औषध नसलेली गोळी) गटात 27, औषध घेणाऱ्यांत 2. सौम्य बीपीवरच्या 1985च्या ब्रिटिश ट्रायलमध्ये मात्र एक स्ट्रोक टाळायला 850 रुग्णवर्षं, म्हणजे जणू 850 जणांना वर्षभर, उपचार लागले.

पुढच्या वेळी ‘ॲकॉर्ड’ ट्रायल (2010) घे. उद्दिष्टं ‘स्प्रिंट’सारखीच, 120 आणि 140. रुग्ण मात्र सगळे मधुमेही, ज्यांना ‘स्प्रिंट’ने घेतलंच नव्हतं. मुख्य निकालात ठोस फरक दिसला नाही, स्ट्रोक मात्र घटले. ‘स्प्रिंट’ आणि ‘ॲकॉर्ड’ शेजारी ठेवून, माणसांच्या संख्येत टिपण लिही आणि रविवारपर्यंत पाठव.