स्पोर्ट्स कारला हायब्रिड मानवते का? ९११ करेरा जीटीएसच्या निमित्ताने

आपण दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पहिला असा की, हायब्रिड यंत्रणा पारंपरिक स्पोर्ट्स कारच्या प्रकृतीला मानवते का. दुसरा अधिक व्यवहाराचा आहे: श्टुटगार्टजवळ राहून सुटीच्या दिवशी श्वार्त्सवाल्डच्या (ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ भागाच्या) रस्त्यांवर आणि अधूनमधून न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्यासाठी २०२४ मध्ये आलेली पोर्शे ९११ करेरा जीटीएस टी-हायब्रिड घ्यावी, की तिच्या आधीची, तीन लिटर ट्विन-टर्बो इंजिनाची आणि सात गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्सची वापरलेली जीटीएस शोधावी. आपला कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे आणि कारण म्हणून आपण हायब्रिडचे वजन आणि कृत्रिमपणा पुढे केला आहे. माझे मत असे आहे की ही दोन्ही कारणे या विशिष्ट गाडीला फारशी लागू पडत नाहीत. मात्र मॅन्युअल गिअरबॉक्सचा मुद्दा, ज्याचा आपण शेवटच्या ओळीत केवळ ओझरता उल्लेख केला आहे, तो खरोखर वजनदार आहे, आणि निर्णय त्यावरच घ्यावा.

हायब्रिडविषयी जी नाराजी आज ऐकू येते तिचा मोठा भाग मोठ्या सेडान गाड्यांनी ओढवून घेतला आहे. मर्सिडीज-एएमजीने सी ६३ मधले आठ सिलिंडरचे इंजिन काढून तेथे दोन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि विजेची मोटार बसवली. एकत्रित शक्ती ६८० अश्वशक्ती झाली, पण गाडीचे वजन दोन टनांच्या पुढे गेले. बीएमडब्ल्यूची नवी एम ५ तर सुमारे २.४ टनांची आहे. या गाड्यांत बॅटरी मोठी असण्याचे कारण असे की, तिच्यावर गाडीने काही अंतर पेट्रोलशिवाय कापावे आणि कागदावरचा कार्बन उत्सर्जनाचा आकडा खाली यावा, अशी अपेक्षा असते. घाटात वळणामागून वळण घेताना त्या अपेक्षेचा चालकाला काडीचा उपयोग नाही. वजन मात्र प्रत्येक वळणावर सोबत असते. अशा हायब्रिडला स्पोर्ट्स कारमध्ये स्थान नाही, या आपल्या मताशी मी पूर्णपणे सहमत आहे.

मधल्या गटात फेरारी २९६ जीटीबी आणि मॅक्लारेन आर्टुरा येतात. दोन्हींत १२० अंशांचे व्ही-सहा इंजिन आहे, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये मोटार आहे आणि साधारण साडेसात किलोवॅट-तासांची बॅटरी आहे. मॅक्लारेनच्या सांगण्यानुसार आर्टुरामधील हायब्रिड भागांचे एकूण वजन १३० किलो आहे आणि त्यांपैकी ८८ किलो एकट्या बॅटरीचे आहे. तरीही गाडी दीड टनाच्या आत राहिली, कारण मुळात तिचा सांगाडा कार्बन फायबरचा आहे. शिवाय गाडी मागे घेण्याचे काम मोटारीवर सोपवून गिअरबॉक्समधला रिव्हर्स गिअरच काढून टाकला आहे. हे अभियांत्रिकीचे उत्तम काम आहे, यात शंका नाही. पण १३० किलोंची भरपाई महागड्या सांगाड्याने करणे हा सर्वांना परवडणारा मार्ग नव्हे.

आता ९११ कडे येतो, कारण येथे विचार मुळातच वेगळा झाला आहे. टी-हायब्रिडची बॅटरी केवळ १.९ किलोवॅट-तासांची असून आकाराने आणि वजनाने ती नेहमीच्या बारा व्होल्टच्या स्टार्टर बॅटरीएवढीच आहे. ती बाहेरून चार्ज करता येत नाही आणि नुसत्या विजेवर गाडी चालवण्याची सोयही यात नाही. विजेच्या मोटारी दोन आहेत. त्यांपैकी एक आठ गिअरच्या पीडीके या स्वयंचलित गिअरबॉक्सच्या आत असून ती ४० किलोवॅटपर्यंत शक्ती आणि १५० न्यूटन मीटरपर्यंत टॉर्क देते. दुसरी टर्बोच्या (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या यंत्राच्या) दांड्यावर, टर्बाइन आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये बसवलेली आहे, आणि माझ्या दृष्टीने या गाडीचे मर्म तिच्यातच आहे.

टर्बो इंजिनाची जुनी अडचण आपल्याला ठाऊक असेलच. दुसऱ्या गिअरमधल्या हेअरपिन वळणात शिरताना आपण ॲक्सिलरेटर सोडतो, एक्झॉस्टचा प्रवाह मंदावतो आणि टर्बाइनची गती उतरते. वळणातून बाहेर पडताना पुन्हा पाय दाबला की आधी पुरेसा एक्झॉस्ट तयार व्हावा लागतो, मग टर्बाइन वेग घेते, मग हवेचा दाब वाढतो, आणि त्यानंतर ताकद येते. हा विलंब कमी करण्यासाठी कारखाने आजवर एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो लावत आले, आणि जुन्या जीटीएसमध्ये तेच आहे. नव्या गाडीत एकच मोठा टर्बो आहे, कारण एक्झॉस्टची वाट न पाहता मोटार त्याच्या दांड्याला थेट फिरवते. तेवढ्या क्षणभरात गिअरबॉक्समधली मोटार चाकांना आधार देते. मी या दोन्ही गाड्या चालवल्या आहेत आणि मला जाणवलेला फरक असा: जुन्या गाडीत वळणाच्या मध्यावर पाय थोडा आधीच दाबून ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते, तर नव्या गाडीत पाय जेवढा दाबावा तेवढीच आणि त्याच क्षणी ताकद मिळते, त्यामुळे ओल्या रस्त्यावर मागची चाके नेमकी केव्हा सुटतील याचा अंदाज अधिक चांगला येतो. याला कृत्रिम म्हणणे मला पटत नाही. पाय आणि चाक यांच्यामधला विलंब हाच टर्बो इंजिनाचा खरा परकेपणा होता, आणि तो या मोटारीने घालवला आहे.

हीच मोटार उलट कामही करते. इंजिन जोरात चालू असताना एक्झॉस्टमध्ये गरजेपेक्षा जास्त ऊर्जा असते. तेव्हा ती जनरेटर बनून ११ किलोवॅटपर्यंत वीज परत देते. २०१४ ते २०२५ या काळात फॉर्म्युला वनमध्ये आणि २०१५ ते २०१७ अशी सलग तीन वर्षे ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या पोर्शे ९१९ हायब्रिड या शर्यतीच्या गाडीमध्ये एक्झॉस्टमधून वीज काढण्याचे हेच तत्त्व होते.

एवढ्या लहान बॅटरीवर ट्रॅक कसा निभावेल, अशी शंका आपण घेतली आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. मोटार सतत ४० किलोवॅटने चालली तर १.९ किलोवॅट-तासांची बॅटरी तीन मिनिटांच्या आतच रिकामी होईल. आता ब्रेकमधून किती परत मिळते ते पाहा. चालकासह सुमारे १६५० किलोची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून ८० वर आणताना साधारण २१ लाख ज्यूल ऊर्जा काढून टाकावी लागते. ट्रॅकवरच्या कडक ब्रेकिंगमध्ये हे साडेतीन सेकंदांत उरकते. मोटार उलट दिशेनेही ४० किलोवॅटनेच काम करते असे धरले, तरी तेवढ्या वेळात ती जेमतेम १ लाख ४० हजार ज्यूल साठवू शकेल, म्हणजे शेकडा सहा-सात. बाकी सारे डिस्कच्या उष्णतेत जाते. याउलट न्युर्बुर्गरिंगच्या डोटिंगर ह्योए या लांब सरळ पट्ट्यावर वीस सेकंद पाय पूर्ण दाबलेला असेल, तर टर्बोवरची मोटार २ लाख २० हजार ज्यूलपर्यंत देऊ शकते. म्हणजे ट्रॅकवर बॅटरी भरण्याचे काम ब्रेकइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, एक्झॉस्ट करतो. म्हणूनच बॅटरी एवढी लहान ठेवणे शक्य झाले आहे.

पोर्शेने हे सारे वळणातला प्रतिसाद सुधारण्यासाठीच केले, असे मात्र समजू नये. टर्बो इंजिन पूर्ण भारावर असताना एक्झॉस्टची उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी पूर्वी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारले जाई. त्या जादा पेट्रोलच्या बाष्पीभवनाने टर्बाइन वाचे, पण प्रदूषण वाढे. युरोपातले नियम कडक होत चालल्यामुळे तो मार्ग बंद होत आहे. नवे ३.६ लिटरचे इंजिन प्रत्येक भारावर हवा आणि पेट्रोल यांचे नेमके रासायनिक प्रमाण राखते. त्याची किंमत आकड्यांत दिसते: क्षमता ३.० वरून ३.६ लिटर झाली, तरी इंजिनाची स्वतःची शक्ती ४८५ अश्वशक्तीच आहे, आणि जुन्या इंजिनाची ४८० होती. मोटारींसह ती ५४१ होते. नियमांमुळे जी ताकद गेली असती ती विजेने भरून काढली आहे, आणि वर थोडी दिली आहे.

वजनाचे म्हणाल तर वाढ ५० किलोंची आहे. वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर विजेवर चालू लागल्यामुळे इंजिनासमोरचा पट्टा गेला, इंजिन ११० मिलिमीटरनी बुटके झाले आणि त्याच्यावरच्या मोकळ्या जागेत विजेची नियंत्रक उपकरणे बसली. १९६४ ची पहिली ९११ सुमारे १०८० किलोंची होती आणि आजची १६०० किलोंच्या आसपास आहे. या पाचशे किलोंपैकी हायब्रिडच्या माथी जे येते ते दहावा हिस्सा आहे. न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या लांब ट्रॅकवर ७ मिनिटे १६.९ सेकंद अशी वेळ देऊन या गाडीने आधीच्या जीटीएसला ८.७ सेकंदांनी मागे टाकले, तेव्हा त्या ५० किलोंनी गाडी मंदावली असे कोणी म्हणणार नाही. अर्थात टायर आणि सस्पेन्शनमध्येही बदल झाले आहेत, त्यामुळे सारे श्रेय विजेला देऊ नये.

९११ चे काही चाहते नेहमी एक युक्तिवाद करतात की, १९९७ मध्ये पाण्याने थंड होणारे इंजिन आले, २०११ मध्ये विजेचे स्टिअरिंग आले, २०१५ मध्ये साध्या करेरालाही टर्बो आला, आणि प्रत्येक वेळी झालेली ओरड पुढे शमली, तशी हीही शमेल. मला तो मान्य नाही. ओरड शमली याचा अर्थ काहीच गमावले नाही असा होत नाही. विजेच्या स्टिअरिंगने रस्त्याची जी बारीक थरथर हातापर्यंत येत असे ती कमी केली, आणि पुढच्या पिढ्यांत सुधारणा होऊनही जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगची सर पूर्णपणे आलेली नाही. म्हणून प्रत्येक बदलाला काय दिले आणि काय घेतले, हे स्वतंत्रपणे विचारायला हवे.

टी-हायब्रिडने जे घेतले ते म्हणजे क्लचचे पेडल. मोटार पीडीकेच्या कवचातच असल्यामुळे नव्या जीटीएसमध्ये मॅन्युअल मिळतच नाही. हे तांत्रिकदृष्ट्या अटळ होते असेही नाही. होंडाने २०१० मध्ये सीआर-झेड ही हायब्रिड गाडी सहा गिअरच्या मॅन्युअलसह विकली होती. स्पोर्ट्स कार चालवण्यातला आनंद वेगापेक्षा हातापायांच्या कामात आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे नुकसान ८.७ सेकंदांनी भरून निघणारे नाही. मी स्वतः त्यांच्यातलाच आहे.

आणखी एक मर्यादा नोंदवतो. ९११ ला ५० किलो पेलतात, कारण ती मुळात दीड टनाच्या घरातली गाडी आहे. माझदा एमएक्स-५ सारख्या हजार किलोंच्या आसपासच्या गाडीत तीच यंत्रणा घातली, तर वजन शेकडा पाचने वाढेल आणि किंमत आवाक्याबाहेर जाईल. शिवाय तिचे इंजिन टर्बोविना असल्यामुळे जो विलंब मोटारीने घालवायचा तो तिथे नाहीच. पोर्शेनेही मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जाणारे टर्बोविना इंजिन असलेली ९११ ची जीटी ३ ही आवृत्ती हायब्रिडपासून दूरच ठेवली आहे, आणि ते योग्य आहे. मोठ्या टर्बो इंजिनाला लहान बॅटरीची वीज मानवते. हलक्या, साध्या गाडीला ती मानवत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आपल्यापुरते सांगायचे तर, न्युर्बुर्गरिंगचे दिवस महत्त्वाचे असतील तर निःसंकोच टी-हायब्रिड घ्या. चाचणी घेताना मात्र जोरात पळवण्यापेक्षा शहरात सिग्नलजवळ येताना ब्रेकवर हलकाच पाय ठेवून पाहा. कडक ब्रेकिंगमध्ये जवळजवळ सारे काम डिस्कच करतात, पण हलक्या ब्रेकिंगमध्ये मोटारीचा वाटा मोठा असू शकतो, आणि मोटारीकडून डिस्ककडे होणारी अदलाबदल पायाला जाणवते का, हे तिथेच कळते. श्वार्त्सवाल्डचा बी ५०० रस्ताच आपल्याला अधिक प्रिय असेल, तर वेगमर्यादेत चालवताना ६० अश्वशक्तींचा फरक फारसा पडणार नाही; तेथे जुनी मॅन्युअल जीटीएस घ्यावी. फक्त व्यवहार पक्का करण्याआधी अधिकृत कार्यशाळेतून इंजिनाच्या संगणकात नोंदलेला ओव्हर-रेव्ह अहवाल काढून घ्या. चुकीचा खालचा गिअर पडून इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याच्या नोंदी, विशेषतः वरच्या टप्प्यांतल्या आणि अलीकडच्या, त्यात दिसल्या, तर गाडी कितीही देखणी असली तरी ती सोडून द्या.