नवी म्हैस दावणीला बांधण्याआधी

प्रश्न : गोठ्यात सहा म्हशी आहेत, आणखी दहा घ्यायच्या आहेत. घोडेगावच्या बाजारातून घ्याव्यात की हरियाणातून गाडी भरून आणावी? रोगाचा धोका कशात कमी? (एक वाचक, ता. श्रीगोंदा)

उत्तर : बाजार कोणता यापेक्षा दहा म्हशी किती गोठ्यांतून येणार, हे आधी विचारा. समजा एखाद्या भागात शंभरातल्या दोन गोठ्यांत रोग शिरलेला आहे. दहाही म्हशी एकाच गोठ्यातून घेतल्या, तर तो गोठा रोगाचा निघण्याची शक्यता शंभरात दोन. व्यापाऱ्याने त्याच दहा म्हशी दहा घरांतून गोळा केल्या असतील, तर दहाही घरं निरोगी असण्याची शक्यता ०.९८ (एक घर निरोगी असण्याची शक्यता) दहा वेळा मांडून एकमेकांशी गुणून येते, म्हणजे साधारण ०.८२. निदान एका घरातून तरी रोग येण्याची शक्यता शंभरात अठरा झाली. शिवाय त्या दहा जणी बाजारात एकाच हौदावर पाणी पितात आणि एकाच गाडीत दाटीने उभ्या राहतात. एकीचा रोग बाकीच्या नऊ जणींना तिथेच लागू शकतो. हा हिशेब घोडेगावला जसा लागू, तसाच रोहतक-जिंदलाही. एक-दोन गोठ्यांतून, मालकाच्या दावणीवरून घेतलेल्या म्हशी थोड्या महाग पडल्या तरी घ्याव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

लांबच्या प्रवासाचा धोका मात्र वेगळा मोजावा. घटसर्पाचे जंतू काही निरोगी दिसणाऱ्या म्हशींच्या घशात दडून असतात. दोन-तीन दिवसांचा प्रवास, उपास, ऊन यांनी अंगातली ताकद खचली की ते उसळतात. गळा सुजतो, घरघर लागते आणि म्हैस चोवीस तासांतही जाते. म्हणून घटसर्पाची लस म्हैस प्रवासाला निघण्याआधी निदान तीन आठवडे टोचलेली हवी. गाडीत चढवताना टोचलेली लस वाटेत कामाला येत नाही.

सौदा ठरवण्याआधी कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर पशुवैद्यकाकडून भारत पशुधन या जनावरांच्या सरकारी नोंद-प्रणालीत तपासून घ्या. लाळ-खुरकुताची शेवटची लस तीन आठवड्यांपेक्षा जुनी आणि सहा महिन्यांपेक्षा नवी असावी. मग ताप पाहा. १०३ अंश फॅरनहाइटच्या वर असेल, तर म्हैस तासभर सावलीत उभी करून पुन्हा मोजा. चालून आल्यानेही ताप चढलेला दिसतो. दुसऱ्यांदाही तेवढाच भरला तर सौदा सोडा. तोंड उघडून जीभ, हिरड्या पाहा, खुरांच्या बेचक्यात बोट घालून पाहा. खुरावर वरच्या कडेपासून खाली सरकलेली आडवी चीर दिसली, तर काही महिन्यांपूर्वी लाळ-खुरकूत येऊन गेली असण्याचा संभव आहे. अशा जनावराच्या घशात विषाणू पुढेही टिकून राहू शकतो.

सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, डोळ्यांना दिसत नाही. रक्त तपासा. मात्र म्हैस नुकतीच व्यायलेली असेल, तर रोग असूनही तपासणी स्वच्छ येऊ शकते. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. तोवर तिची वार (जार) उघड्या हाताने उचलू नका आणि दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. हा रोग माणसाला होतो.

आणलेल्या म्हशी २८ दिवस वेगळ्या बांधा. लाळ-खुरकूत अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत १४ दिवसही जातात, लम्पी या गाठींच्या त्वचारोगासाठी जागतिक पशुआरोग्य संघटना २८ दिवस धरते. त्यातला मोठा आकडा घ्यायचा. पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ ताप लिहून ठेवा. बादल्या, दावी, खराटा, सगळं वेगळं. माणूस एकच असेल, तर जुन्या म्हशींची धार आधी, नव्यांची शेवटी. दाराशी दहा लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा कालवून पाय बुडवायला ठेवा आणि रोज बदला. शेण लागलेला बूट नुसता बुडवून काही होत नाही, आधी घासून धुवा. आणि गफलत नेमकी इथे होते : पाच म्हशी आज आल्या, पाच पंधरा दिवसांनी त्यांच्यातच बांधल्या, तर २८ दिवस शेवटच्या म्हशीपासून पुन्हा मोजायचे.

प्रश्न : बकरी ईदला वीस बोकड बाजारात नेतो. तीन-चार विकले जात नाहीत, ते परत आणून कळपात सोडतो. चालेल का? (एक वाचक, ता. सांगोला)

उत्तर : नाही. बाजारातून परतलेला बोकड नव्याने विकत घेतल्यासारखाच समजा. दिवसभरात तो शेकडो शेळ्यांच्या नाकाशी नाक लावून आलेला असतो, आणि पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग नाक-डोळ्यांच्या स्रावातून, श्वासातून पसरतो. तीन आठवडे वेगळा ठेवा; नाक वाहणं, तोंडात चट्टे, हगवण यांवर लक्ष ठेवा. वेगळी जागाच नसेल, तर हजार-पाचशे कमी घेऊन बाजारातच विकून मोकळे व्हा. कळपात पीपीआर शिरला, तर आधी करडं मरतात. पीपीआरची लस एकदा टोचली की निदान तीन वर्षं पुरते, फक्त बाजाराच्या तीन आठवडे आधी टोचलेली असावी.

प्रश्न : शेजारच्या तालुक्यात लम्पी आला आहे. आमच्या गावचा आठवडी बाजार बंद केल्याने फरक पडेल का? (ग्रामपंचायत सदस्य, जळगाव जिल्हा)

उत्तर : पडतो, पण तेवढ्यावर भागत नाही. लम्पी पसरवणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड स्वतःहून फार लांब जात नाहीत; रोग तालुका ओलांडतो तो मुख्यतः गाडीत बसून. २०२२ मध्ये महाराष्ट्रात रोगाची सुरुवात तुमच्याच जिल्ह्यात झाली आणि पुढे राज्यभरचे गुरांचे बाजार बंद करावे लागले. पण बाजार बंद झाला की सौदे पहाटे रस्त्याच्या कडेला होतात, आणि मग कोणतं जनावर कुठे गेलं याचा माग राहत नाही. नियंत्रित क्षेत्र जाहीर करून जनावरांची ने-आण रोखण्याचा अधिकार २००९ च्या केंद्रीय कायद्याने शासनाला आहे. पंचायतीने ठराव करून पशुधन विकास अधिकाऱ्यांना आजच कळवावं.

बाजार सुरू असेल तेव्हा प्रवेशावर एक वही ठेवा : बिल्ल्याचा नंबर, आणणाऱ्याचं गाव, घेणाऱ्याचं गाव, गाडीचा नंबर. विकलं न गेलेलं जनावर पुढे कोणत्या बाजाराला जाणार, हेही विचारून लिहा. तोच व्यापारी तीच गुरं आठवड्यात दोन-तीन बाजार फिरवतो, आणि रोगाची वाटही तीच असते. पुढे एखादं जनावर रोगी निघालं, तर मागच्या २८ दिवसांत त्याच्याबरोबर उभी राहिलेली जनावरं कोणत्या गावांत आहेत, हे या वहीतून तासाभरात निघतं आणि लसीकरणाचं पथक सरळ तिथे जातं. नोंद नसेल तर आधी गावं शोधण्यातच आठवडा जातो. आजारी जनावर दिसल्यास १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन करा, आणि तोवर त्याला गाडीत चढवू देऊ नका.