घडीचा फोन आणि हळदीची धूळ

प्रश्न : सर, मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. वय ५१, चष्मा लागलाय. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (माल विकल्याच्या हिशेबाच्या पावत्या), व्यापाऱ्यांचे एक्सेल, पीडीएफ सगळं व्हॉट्सअपवर येतंय, दोन बोटांनी मोठं करून करून डोकं उठतंय. पोरगं म्हणतंय पप्पा फोल्डवाला, पुस्तकासारखा उघडून मोठा होणारा फोन घ्या. दीड-पावणेदोन लाख सांगायलेत. खरंच उपयोग असतोय का नुसतीच हवा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, उपयोग आहे, आणि तो तुमच्यासारख्यालाच आहे. पिक्चर बघणाऱ्याला फार नाही, कारण आतला स्क्रीन ८ इंचाचा असला तरी जवळपास चौकोनी असतोय, त्यामुळं वर-खाली काळे पट्टे येतात आणि पिक्चर म्हणावा तेवढा मोठा दिसत नाही. पण पट्टी उघडा, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम सगळे रकाने एका ओळीत दिसतात, शिवाय अर्ध्या स्क्रीनवर पट्टी आणि अर्ध्यावर कॅल्क्युलेटर. ही चैन नाही, काम आहे.

घडी मोडंल ही भीती मात्र डोक्यातनं काढा. बऱ्याच मॉडेलांची २ लाख घड्यांची चाचणी झालेली असते, दिवसाला १०० वेळा उघडलात तरी साडेपाच वर्षं निघतात.

माझ्या साडूचा फोन गेला तो वेगळ्याच कारणानं. चौदाव्या महिन्यात घडीवर आतली फिल्म जराशी उचलली, गड्याला वाटलं दुकानदारानं लावलेला स्क्रीनगार्डच आहे, नखानं पूर्ण सोलून काढली. आठवड्यात मधोमध हिरवी रेघ, आणि वॉरंटी संपलेली. २०१९ ला सॅमसंगचा पहिला फोल्ड आला तेव्हा परीक्षणाला फोन दिलेल्या काही जणांनी हेच केलं होतं, लाँचिंगच पुढं ढकलावं लागलं. ती फिल्म स्क्रीनचाच भाग असते, उचलली तर सर्व्हिस सेंटरला जायचं, हात लावायचा नाही.

आता तुमची खरी अडचण, धूळ. सॅमसंगच्या फोल्ड ७ चं आयपी रेटिंग, म्हणजे धूळ-पाणी किती अडवतो त्याचा आकडा, आयपी४८ आहे. त्यातला ८ पाण्याचा, म्हणजे पावसात भिजला तर घाबरायचं कारण नाही. पण ४ चा अर्थ एक मिलिमीटरपेक्षा मोठे कण तेवढे अडतात, आणि सौद्याच्या वेळी ढिगातनं जी पिवळी धूळ उडते ती त्याच्या कितीतरी बारीक, तुमच्या शर्टाच्या कॉलरला विचारा! तीच बिजागरीत जाऊन बसणार. गुगलचा २०२५ चा पिक्सेल १० प्रो फोल्ड आयपी६८ आहे, तो धूळ अडवतो, पण २५८ ग्रॅमचा आहे, फोल्ड ७ पेक्षा ४३ ग्रॅमनं जड, सदऱ्याचा खिसा लोंबतोय.

मी तुमच्या जागी असतो तर आत्ताचा फोन तसाच ठेवून गादीवर एक १०-११ इंची टॅब घेतला असता, पंचवीस-तीस हजारात चांगला येतो आणि दुकानातली पोरंपण वापरतील. तुम्ही बाजार समितीत, बँकेत, गावोगाव फिरत असाल आणि हिशेब चालता-चालता बघायला लागत असंल, तरच फोल्ड. मग पैसे देण्याआधी आतला स्क्रीन बदलायला किती लागतात ते सर्व्हिस सेंटरला विचारून या, आणि दुकानात डेमो व्हिडिओ बघत बसू नका, तुमचीच एखादी लांबलचक पट्टी उघडा, ट्यूबलाइटखाली फोन तिरका धरा, मधली घडी नेमकी दराच्या रकान्यावर येतीय का बघा.