रक्ताच्या रिपोर्टमधली पोटॅशियमची ओळ वाचली का कुणी?

तुमचं वय ३१, बीपी १६०/१०४, वडील आणि काका दोघांचंही चाळिशीच्या आत सुरू झालेलं. डॉक्टर म्हणतात, "घराण्यातच आहे, गोळी चालू ठेवा." आणि तुम्ही विचारताय, जीन टेस्ट करू का? पोस्ट वाचून पोटात कालवलं, कारण हेच वाक्य मी चार वर्षं ऐकलंय.

मी डॉक्टर नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका.

जीन टेस्ट आत्ताच नको, असं माझं ठाम मत. बहुतेक घरांतलं बीपी एका जीनचं नसतं. डीएनएतल्या हजारावर जागांचा थोडाथोडा वाटा असतो, त्यात मीठ आणि वजनाची भर. टेस्टने औषध बदलत नाही. पण काही थोड्या घरांत एकच जीन बिघडलेला असतो, आणि तिथे औषधच वेगळं लागतं.

माझ्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम ३.१, मग २.९, मग ३.०. दरवेळी शेजारी ठळक 'एल', म्हणजे लो, कमी. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. ज्या दवाखान्यात जायचे तिथे दरवेळी सिरप दिलं, नारळपाणी सांगितलं, आणि बीपीची आणखी एक गोळी वाढवली. पोटॅशियम कमी का होतंय, हे एकदाही कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. त्या चार वर्षांत लघवीतून प्रोटीन जायला लागलं, ते आजही पूर्ण थांबलेलं नाही. याचा राग अजून जात नाही.

शेवटी दुसऱ्या शहरातल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी, रेनिन आणि अल्डोस्टेरॉन हे मीठ आणि बीपी सांभाळणारे हार्मोन तपासले. दोन्ही तळाला. मग जीन टेस्ट, आणि निदान लिडल सिंड्रोम. १९६३ साली ग्रँट लिडल यांनी एका अमेरिकन कुटुंबात पाहिलेला हा आजार. किडनीतली सोडियमची वाट उघडीच राहते, मीठ परत रक्तात येतं आणि पोटॅशियम लघवीतून जातं. आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. अल्डोस्टेरॉनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन इथे चालत नाही, थेट ती वाट बंद करणारं अमिलोराइड चालतं. तेही मीठ कमी केलं तरच नीट. मात्र पोटॅशियम वर जाऊ शकतं, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

तुम्हाला हेच असेल असं अजिबात नाही. अल्डोस्टेरॉन जास्त निघालं तर कारणं आणि औषधं निराळी. रेनिन-अल्डोस्टेरॉनच्या तपासणीआधी कुठल्या गोळ्या थांबवायच्या ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, काही गोळ्यांनी आकडे फिरतात. आणि घरी काढ्यात ज्येष्ठमध पडत असेल तर तेही सांगा, त्यानेही बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं.

बाबा ४४व्या वर्षी स्ट्रोकने गेले. निदानानंतर आईने ट्रंकेतून त्यांची फाइल काढली. पिवळ्या पडलेल्या कागदावर पोटॅशियम २.८.

काकांचे जुने रिपोर्ट शोधा. आकडा मिळाला की इथे टाका, मी बघते.